सहाजणींच्या सह्या

महाळुंगे,
बुधवार, ५ मार्च २०२५

चि. तनुजास,

यशोदामावशीचा आशीर्वाद. ‘अनेक’ हा शब्द आज मुद्दाम गाळला आहे.

फोन सोडून पत्र कशाला, असं विचारू नकोस. सोमवारी फोन केला तर तू दोन मिनिटांत रडायला लागलीस आणि माझा राग अर्धाच राहिला. कागदावर तो पुरता मावेल. तुझे काका कंपनीची बस घेऊन रोज तुझ्या हॉस्टेलवरूनच जातात, त्यांच्या हाती देते आहे. त्यांनी हे वाचलेलं नाही, तेव्हा त्यांना मध्ये घेऊ नकोस.

काय झालं ते आता नीट ऐक. सोमवारी पहिल्या शिफ्टला आम्ही सातजणी नेहमीसारख्या एकत्र गेलो. गेटवर आम्रपालीचा पास लागेना. मशीन बिघडलं असेल म्हणून आम्ही हसलोसुद्धा. मग कस्तुराचा लागेना, मग अंबुबाईचा. एकेक करत सहाजणी बाजूला उभ्या राहिल्या. सातवी मी. माझा पास लावला, दिवा हिरवा झाला आणि मी आत. ठेकेदाराच्या माणसाने त्यांना सांगितलं की काम कमी झालंय, फोन येईल. काम कमी झालंय म्हणे! त्याच दुपारी आमच्या लाइनवर आठ नव्या मुली आणून उभ्या केल्या, आणि त्यांना गाडीच्या वायरी बांधायला शिकवायचं काम माझ्याच गळ्यात घातलं.

डब्याच्या सुट्टीत सुपरवायझर कुजबुजला की एका कॉलेजच्या मुलीचं काळ्या पुठ्ठ्याचं, सोनेरी अक्षरांचं पुस्तक एचआरच्या साहेबांच्या टेबलावर आलंय, आणि त्यात मागे बायकांच्या सह्या आहेत. ते पुस्तक तुझंच, हे मला तिथेच कळलं.

आठव जरा. फेब्रुवारीतल्या त्या रविवारी तू तुझ्या बीबीएच्या प्रोजेक्टसाठी आलीस, तेव्हा या सगळ्यांना माझ्या खोलीत कुणी बोलावलं? मी. पोहे कुणी केले? मी. अंबुबाई दोनदा म्हणाली की बाई, आपल्याला कशाला पाहिजे हे. तिला मी गप्प केलं. माझ्या बहिणीची पोर आहे, अभ्यासाला पाहिजे, बिनधास्त खरं सांगा, असं मी म्हटलं. आणि त्या भाबड्यांनी खरं सांगितलं. बाथरूमला जायचं तर हात वर करून परवानगी मागावी लागते, सुपरवायझर आईवरून बोलतो, तक्रार केली की रात्रपाळी लागते, सगळं. तू सुबक अक्षरात लिहून घेतलंस आणि खाली सही घेतलीस. मोबाइल नंबरसकट.

आम्रपालीची आणि माझी भिंत एकच आहे. तीन दिवस तिचं दार माझ्या तोंडावर बंद आहे. माझ्याशी बोलत नाही, पण नळावर मला ऐकू जाईल अशा आवाजात बाकीच्यांना सांगते, की यशोदाने आम्हाला बोलतं केलं आणि स्वतः नामानिराळी राहिली. सहाजणी गेल्या, ही एकटीच कशी राहिली, असं विचारते. मीही त्या दिवशी फॉर्म भरला होता, तुझ्यासमोर सही केली होती. मग माझा दिवा हिरवा कसा झाला? अकरा वर्षं या वस्तीत मान वर करून राहिले, आज नळावर जायची लाज वाटते. उत्तर दे, आणि गोलगोल नको.

लोभ आहे, पण त्याच्यावर सध्या राग बसला आहे. उठला की कळवीन.

यशोदा


निगडी,
शुक्रवार, ७ मार्च २०२५

ती. यशोदामावशीस,

तनुजाचा साष्टांग नमस्कार. लांबूनच घालते आहे, जवळ आले तर तू पाय मागे घेशील.

पत्र चार वेळा वाचलं. काकांनी ते नाश्त्याच्या पुड्यासारखं खिडकीतून दिलं आणि गाडी पुढे काढली. माझ्याकडे बघितलंही नाही.

उत्तर देते. प्रोजेक्टच्या तीन प्रती बांधाव्या लागतात, एक कॉलेजला, एक कंपनीला, एक आपल्याला. कंपनीला प्रत दिल्याशिवाय प्रोजेक्ट पूर्ण झाल्याचं सर्टिफिकेट मिळत नाही आणि सर्टिफिकेटशिवाय तोंडी परीक्षेला बसू देत नाहीत. भरलेले फॉर्म प्रतीच्या मागे जोडायचे, सही आणि नंबरासह, असा आमच्या सरांचा हुकूम आहे. का, तर मुलं खोटे फॉर्म भरतात. आणि भरतातच! माझ्या वर्गातल्यांनी हॉस्टेलच्या गच्चीवर बसून, चार रंगांची पेनं घेऊन, शंभर शंभर फॉर्म स्वतःच भरले. त्यांच्या प्रोजेक्टमध्ये महाराष्ट्रातला प्रत्येक कामगार समाधानी आहे. त्यांच्यामुळे कुणाचं काही बिघडलं नाही. मी वेडी, खरं विचारायला बसने महाळुंग्याला आले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

कंपनीच्या कँटीनमध्ये मी आणखी तीस फॉर्म भरून घेतले होते. तिथे सुपरवायझर शेजारी उभा होता, त्यामुळे तीसही जणी समाधानी निघाल्या. वेगळे दिसले ते तुझ्या खोलीतले सहाच.

आणि तू विचारलंस त्याचं उत्तर. तुझा फॉर्म मी जोडला नाही. नातेवाईक अभ्यासात घ्यायचे नाहीत, त्यांची उत्तरं एका बाजूला झुकतात, असं आम्हाला शिकवलंय. म्हणून तुझा फॉर्म बाजूला काढला. तो माझ्या कपाटात आहे.

काल सरांकडे गेले. म्हटलं, कंपनीची प्रत परत मागवा, सहाजणींची नोकरी गेली. ते म्हणाले की व्यवस्थापन शिकणाऱ्याने इतकं भावनिक होऊन चालत नाही. मावशी, हेच सर आम्हाला बिझनेस एथिक्स शिकवतात! माहिती देणाऱ्याचं नाव कुणाला कळू देऊ नये, हे मी त्यांच्याच पेपरात लिहिलंय आणि त्यांनीच मला आठपैकी सात मार्क दिलेत. मला त्या मार्कांची आता किळस येते. त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट उचलून भिरकावावा असं वाटत होतं. नाही भिरकावला, नमस्कार करून बाहेर आले, याचा आणखी राग आला.

आम्रपालीमावशींना सांग की चूक माझी आहे, तुझी नाही.

लोभ असावा असं लिहायची हिंमत नाही. उरला असेल तेवढा ठेव.

तनुजा


महाळुंगे,
रविवार, ९ मार्च २०२५

चि. तनुजास,

आशीर्वाद. हात उचलत नव्हता, पण त्याशिवाय पत्र सुरू करायची आमच्या घरात रीत नाही.

काल महिला दिन होता. कंपनीने प्रत्येक बाईला एक गुलाब आणि एक लाडू दिला. मला साहेबांनी केबिनमध्ये बोलावून दोन लाडू दिले. खुर्चीवर बस म्हणाले. अकरा वर्षांत त्या केबिनमध्ये मी पहिल्यांदा बसले. मग हसत हसत म्हणाले की तुमची भाची फार हुशार आहे, आमच्या माणसांना जे दहा वर्षांत कळलं नाही ते तिने एका रविवारात काढलं, आणि जूनपासून ती आपल्याच एचआरला ट्रेनी म्हणून येते आहे, तेव्हा तुम्ही निश्चिंत राहा, घरचंच माणूस आहात.

तनुजा, तू मला दोन पानांचं पत्र लिहिलंस. गच्चीवरच्या पोरांचं लिहिलंस, पेपरवेटचं लिहिलंस. हे लिहायला तुझ्या पेनातली शाई संपली होती काय?

आता मला सांग, नोकरीचे पेढे मी कुणाच्या दारात वाटू? आम्रपालीच्या? तिचा धाकटा काल माझ्या उंबऱ्यापर्यंत आला होता, तिने त्याला दंडाला धरून ओढत नेलं. कस्तुरा चाकणच्या चौकात रोज सकाळी मजूर उभे राहतात तिथे जाऊन उभी राहते. पंचावन्न वर्षांच्या अंबुबाईला आता कोण लाइनवर घेईल? आणि मी लाडू घेऊन बाहेर आले! तिथेच टेबलावर आपटायला पाहिजे होते. आपटले नाहीत. तुला पेपरवेटचा राग आला ना, मला त्या लाडवांचा आला. मावशी-भाची एकाच मातीच्या, वेळेवर हात न उचलणाऱ्या.

तुझं ते नातेवाइकांचं कारण मी नळावर सांगून बघितलं. बायका हसल्या. मी त्यांच्या जागी असते तर मीही हसले असते.

माझा फॉर्म काकांच्या हाती पाठव. आणि नोकरीला तू हो म्हटलंस की नाही, ते एका शब्दात लिही. तुझ्या आईला विचारून नाही, स्वतः लिही.

कळावे. लोभाचं नंतर बघू.

यशोदा


निगडी,
गुरुवार, १३ मार्च २०२५

ती. मावशीस,

सा. न. वि. वि. फॉर्म सोबत आहे.

एका शब्दात लिहायचं तर, नाही. पण खरं सांगायला एक शब्द पुरत नाही. ही ऑफर मला २७ फेब्रुवारीला आली, सहाजणींना काढायच्या आधी. वर्गात पहिली नोकरी मला लागली म्हणून सरांनी टाळ्या वाजवायला लावल्या. आईने उदगीरला अख्ख्या गल्लीत सांगितलं. सोमवारी तुझा फोन आला त्यानंतर मी नऊ दिवस हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. रोज वाटायचं की आत जाऊन काही बदलता येईल. मग तुझं लाडवांचं पत्र आलं आणि कळलं की मला तिथे का बोलावलंय. अशा आणखी खोल्यांमध्ये पोहे खायला बसायचं, लिहून घ्यायचं आणि नावं आणून द्यायची. काल मेल करून नकार कळवला. आई बोलत नाही. होळीचा फोनही आला नाही.

सरांनाही लेखी दिलं की प्रोजेक्ट मागे घेते. नवा करावा लागेल, परीक्षा पुढच्या सत्रात. ते म्हणाले की वर्ष वाया घालवतेस. मी म्हटलं, हो, घालवते. या वेळी नमस्कार केला नाही.

आता एक गोष्ट लिहिते. ही लिहिली नाही तर आधीचं सगळं खोटं ठरेल. कंपनीची प्रत द्यायच्या आदल्या संध्याकाळी मी शेवटची पानं चाळत होते. सहाजणींची उत्तरं वाचली, सुपरवायझरचं आलं होतं ते वाचलं, आणि माझ्या मनात आलं की बरं झालं, मावशीचा फॉर्म यात नाही. आलं आणि गेलं. पण आलं होतं. नियमामुळे तुझा फॉर्म काढला हे खरं आहे, पण त्या क्षणी मला त्या नियमाचा आनंद झाला होता. म्हणजे यात धोका आहे हे मला दिसलं होतं. तुझ्यापुरतं दिसलं, आणि बाकीच्या सहाजणी सकाळी मी पुड्यात बांधून देऊन आले.

हे कुणाला सांगू नकोस, असं लिहिणार होते. ते खोडलं. तुला योग्य वाटेल ते कर.

राग कितीही असला तरी उत्तर दे, इतकंच मागते.

तनुजा


महाळुंगे,
गुरुवार, २० मार्च २०२५

चि. तनुजास,

आशीर्वाद. काकांच्या हाती देत नाही, पोस्टाने पाठवते आहे. तुझं पत्र त्यांनी या वेळी वाचलं आणि दोन दिवस जेवताना पाणीसुद्धा मागितलं नाही.

सोमवारी माझा फॉर्म साहेबांच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, हा राहिला होता. त्यांनी वाचला, मग ‘मावशी, हे कशाला?’ असं म्हणाले, आणि ड्रॉवरमध्ये टाकला. काल सकाळी माझा पास लागला नाही. गेटवरच्या पोराला वाईट वाटलं, तो पुन्हा पुन्हा लावून बघत होता. मीच त्याला म्हटलं की राहू दे, बाळा.

तिथून मी सरळ आम्रपालीच्या दारात गेले. उघडेना. माझीही नोकरी गेली, असं बाहेरून सांगितलं, तर आतून म्हणाली की भाची साहेबीण होणार, तुला काय कमी. तेव्हा मी तिच्या पायरीवर बसले आणि तुझं पत्र मोठ्याने वाचलं. सगळं. शेवटची गोष्टही, बरं झालं मावशीचा फॉर्म यात नाही, तीसुद्धा. कस्तुरा आली, अंबुबाई आली, संध्याकाळपर्यंत सहाहीजणी जमल्या, आणि दोनदा परत वाचायला लावलं. ती ओळ वाचताना माझा आवाज फुटत होता. रागाने फुटत होता, दुसरं काही समजू नकोस. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे तू कुठल्या कॉलेजात शिकलीस, तनुजा? हे तर आमच्याच घरात शिकलीस. अंबुबाईला गप्प करताना मीही तेच केलं होतं, माझी पोर म्हणून.

तुझी अब्रू वस्तीत गेली. माझी परत आली. दोन्ही राखता येत नव्हत्या, मी माझी राखली. वाईट वाटून घे, पण मला विचारलंस तर पुन्हाही असंच करीन.

आम्रपालीने शेवटी दार उघडलं. माझ्याशी बोलली नाही, पत्र मात्र मागून घेतलं आणि स्वतः वाचलं. मग म्हणाली की कामगार ऑफिसात अर्ज द्यायचा तर लिहून कोण देणार, आपल्याला ती भाषा येते का. सगळ्यांना तू आठवलीस आणि नाव कुणी घेईना, ते शेवटी तिनेच घेतलं. म्हणाली, तिलाच बोलवा, पण माझ्या घरात बसून लिहायचं, मी प्रत्येक ओळ वाचणार, आणि कागद कुठे जाणार हे कळल्याशिवाय पेनाला हात लावणार नाही.

अर्जाचं काय होईल ते देव जाणे. खाली सात नावं असतील, पहिलं माझं.

रविवारी सकाळी दहाला ये. आम्रपालीच्या दारात उभं राहून आधी माफी माग, माझ्या खोलीत लपायला येऊ नकोस. तिथे तुला कुणी बस म्हणणार नाही, कुणी चहा विचारणार नाही, मीही विचारणार नाही. तरी ये.

तुझी मावशी,
यशोदा