अर्ध्यावर थांबणारा हात

३ जून

चि. भिंगरीस,

अ. उ. आशीर्वाद. पद्धत म्हणून लिहिले आहेत, मनातून अजून निघालेले नाहीत.

काल न कळवता वर्गावर गेले. मी निवृत्त झाले आहे, मेलेली नाही. माझ्या 'वाट' नाचाचा सराव चालला होता आणि तुझ्या पोरी डावा हात थेट छताला लावत होत्या! मी खडसावलं, तर पहिल्या रांगेतली चष्मेवाली मलाच समजावते, की ताईंनी सांगितलंय, बाईंच्या खांद्यात दोष होता म्हणून त्यांचा हात अर्ध्यावर थांबायचा.

माझ्या खांद्यात दोष! ज्या हातावर लोक रडले, ज्याला जाणकारांनी संयम म्हटलं, त्याला तू दुखणं ठरवून मोकळी झालीस. हाडांचा अभ्यास करायला गेलीस तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. दिवसभर दातांच्या दवाखान्यावरच्या खोलीत परक्यांच्या पाठी दाबायच्या आणि संध्याकाळी येऊन माझा नाच दुरुस्त करायचा! दारात वाट पाहणारी बाई हाक मारायला हात उचलते आणि तो वर पोचतच नाही. नाच तिथे आहे, कुठल्या हाडात नाही.

पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमात हात होता तिथेच थांबला पाहिजे. नाहीतर 'वाट' होणार नाही.

वहिनीला म्हणावं, लेकीचं कौतुक फोनवर जरा आवर.

लोभ आटत चालला आहे, हे कळावे.

आत्या


८ जून

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि.

'दोष' हा शब्द चष्मेवालीचा. बाकीचं सगळं माझं, आणि मी ते मागे घेणार नाही.

लहानपणापासून मी तुझा हात उतरवला. त्याबरोबर आखडलेली मानही फुकटात मिळाली. हाडांच्या अभ्यासाला गेले तेव्हा तिथे शिकवणाऱ्या बाईंनी माझ्या पाठीवर तळवा ठेवला आणि विचारलं, की हा कुणाचा खांदा घेऊन फिरतेस? मला हसू आलं. मग घरी येऊन रडले.

हात वर जातो तेव्हा पाठीतलं खांद्याचं पातं बरगड्यांवरून सरकतं, वळतं. तुझं मध्येच अडतं, म्हणून तुझा हात थांबतो. आमचं अडत नाही. आम्ही धडधाकट पातं मानेच्या जोरावर दाबून धरतो आणि त्याला शैली म्हणतो. तुझ्या हाताखालून गेलेली एक तरी दाखव, जिची डावी बाजू दुखत नाही.

तू कधी पडली होतीस का? बाबांना विचारलं तर ते एकदम वर्तमानपत्र उघडतात.

चष्मेवाली अजून धसका घेऊन आहे. तू दारात दिसलीस की सगळ्यांच्या पाठी ताठ होतात. माझ्या हातांना ते अजून साधलेलं नाही.

लोभ आटला असला तरी तळाशी थोडा असेल, तो असू दे.

भिंगरी


१२ जून

चि. भिंगरीस,

आज आशीर्वाद नाहीत.

हो, पडले होते. रंगमंचामागच्या पायऱ्यांवरून, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी. मग काय, पांघरूण घेऊन घरी बसायचं होतं? हात जिथवर गेला तिथवर नाचले आणि सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. मला कुणी काही विचारलं नाही. माझ्या काळी पोरींना तेवढी अक्कल होती.

'वाट' मी बसवली आहे. ती तू करायची नाहीस, पोरींकडून करवून घ्यायची नाहीस. हॉलची किल्ली वहिनीकडे देऊन टाक. पाठी दाबायला तुझी ती खोली आहेच.

यापुढे पत्र नको.

आत्या


२० जून

ती. आत्यास,

सा. न. पत्र नको म्हणालीस, म्हणून थोडक्यात.

किल्ली आईकडे दिली. 'वाट' होणार नाही. त्या जागी मी माझा नाच करते आहे. त्यात तुझं काहीच नाही, तो हात सोडून. गेले कित्येक दिवस मी तो सगळा वर जाऊ देते, पातं कसं फिरतं ते आतून ओळखते आणि मग मान मोकळी ठेवून त्याला मध्येच थांबवते. लोकांनी कायम हात पाहिला, खरी गोष्ट पाठीत घडत होती. म्हणून मी पाठमोरी उभी राहणार आहे.

तुला मुळीच आवडणार नाही. तरी पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची ठेवली आहे, तुझी डावी बाजू मोकळी राहील अशी. ओरडायचं असेल तर तिथूनच ओरड.

भिंगरी


६ जुलै

चि. भिंगरीस,

अ. उ. आशीर्वाद.

प्रेक्षकांना पाठ दाखवणं हा उद्धटपणा आहे. पोशाख मागून एवढा उघडा का, तेही मला कळलं नाही. टाळ्यांना मी थांबले नाही, कारण शेजारी वहिनी नाक शिंकरत होती आणि ते मला सहन होत नाही.

आता हाताचं. तुझं पातं सरकतं, वळतं आणि थांबतं. चूक. माझं असं गुमान थांबत नाही. अडायच्या आधी खांद्याच्या टोकाला कळ येते, त्या भीतीनं कोपर आधीच आत वळतं, श्वास अडकतो. त्या बाईची हाक तिथे घशात राहते. तू नुसती थांबतेस, जशी एखादी सुखवस्तू बाई बसच्या थांब्यावर थांबेल. एवढी हाडं शिकलीस आणि कळ कुणी शिकवली नाही? माझं दुखणंच नाचायचं असेल तर नीट नाच.

पुढच्या प्रयोगाआधी वर्गावर ये. मी स्टुलावर पाठ करून बसेन. तुझे ते हात ठेव आणि मी हात उचलते तेव्हा कुठे काय होतं ते बघून घे. तोंड उघडायचं नाही. बरं करायचा प्रयत्न तर अजिबात करायचा नाही.

वहिनीकडून किल्ली घे आणि माझ्या आधी पोच. हॉलच्या दाराची वरची कडी तुलाच काढावी लागेल, उजव्या हातानं दार दाबून धरलं की ती डाव्यानंच काढावी लागते. ती आजवर पोरींनीच काढली आहे.

लोभाचं नंतर पाहू.

आत्या