शोकाचे हातमोजे

हिकरी ब्रूक, मॅसॅच्युसेट्स
सोमवार, १९ ऑगस्ट १७७६

प्रिय इनॉकदादा,

तुझं हॅलिफॅक्सहून निघालेलं पत्र मासळीवाल्या पीलेगच्या हातून शुक्रवारी पोचलं. तू सुखरूप आहेस हे वाचून जीव भांड्यात पडला. आम्हीही बरे आहोत. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. भोपळ्यांवर मात्र कीड पडली आहे. धुणं भिजत टाकून लिहायला बसले आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

तू लिहितोस की हा सगळा गोंधळ करापायी आहे, लंडनने कर उठवला की आम्ही निवू, आणि थँक्सगिव्हिंगच्या सणाला तू घरी येशील. दादा, जकातीच्या कचेरीत बसून बसून तुझी अक्कल तिथेच जमा केलीस का? मार्चमध्ये राजाचं सैन्य बॉस्टन सोडून जहाजांत बसलं, त्यांच्याबरोबर तूही हॅलिफॅक्सला गेलास. ते इथे सगळ्या गावाला ठाऊक आहे. आणि म्हणे थँक्सगिव्हिंगला येतो.

बाबा का लिहीत नाहीत, असंही विचारलंयस. त्याकडे येते.

आधी माझं ऐकून घे, कारण इथे ऐकवायला कोणी नाही. अकरा वर्षं मी या कराच्या पायी वैतागले आहे. आधी कागदावर कर, मग काचेवर, रंगावर, मग चहावर. प्रत्येक वेळी तिकडून एक कर आला की इकडे आमचे पुरुष सभा भरवायचे आणि माझ्या स्वयंपाकघरातून एक वस्तू उचलायचे. मी काय प्यायचं, हे माझा नवरा हात वर करून ठरवतो. जेबेझ विलायती मालावर नजर ठेवणाऱ्या गावच्या कमिटीवर आहे ना. रास्पबेरीच्या पानांचा काढा पितो आणि "चहापेक्षा छान" म्हणतो. तोंड बघावं त्याचं तेव्हा.

बाबांचं तर निराळंच. पूर्वी कोणी गेलं की घरचे पाहुण्यांना शोकाचे हातमोजे वाटायचे, ते विलायतेतून येत. कागदावरच्या कराने लोक भडकले आणि विलायती मोजे कोणी घ्यायचे नाहीत असं ठरलं. मग सगळे धावले बाबांच्या हरणाच्या कातड्याच्या मोज्यांकडे. तू तेव्हा घरीच होतास. सभेत कोणी खोकलं की बाबा त्याच्या शेजारपाजारच्यांच्या हातांचं माप नजरेने घ्यायचे, आणि तू हसू दाबत बाहेर पळायचास. आपलं छप्पर त्याच पैशांतून झालं.

आणि दोन वर्षांपूर्वी फिलाडेल्फियाला भरलेल्या सगळ्या वसाहतींच्या सभेकडून फर्मान आलं की मोजे वाटणंच बंद. विलायती नको, गावचेही नकोत, काटकसर करा. सभेत मतं घेतली तेव्हा सगळ्यांत आधी हात वर केला तो बाबांनी. स्वतःच्या धंद्यावर नांगर फिरवायला. ते घरी आल्यावर मी भांडले. म्हणाले, "हेप्झी, दुसऱ्याने चहा सोडावा आणि मी मोजे धरून बसावं, असं कसं चालेल?"

दादा, बाबा गेले. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये, राजाचं सैन्य काँकॉर्डहून आपल्या लोकांशी लढत परत फिरलं त्या दिवशी. मी दाराला आडवी झाले होते. "तुमचं वय काय, डोळ्यांना दिसतं किती," म्हटलं. म्हणाले, "शिपाई लाल घालतात, तेवढं दिसतं." रस्त्यालगतच्या दगडी कुंपणामागे सापडले. बंदुकीत बार तसाच होता. तेव्हा तू होतास त्या बॉस्टनला आपल्या लोकांचा वेढा पडलेला, पत्र जाईना. नंतर जात होतं तरी मी लिहिलं नाही. तू तिकडे त्याच राजाचा पगार खातोस, आणि हे मला सांगवेना.

दफनाच्या दिवशी मी बाबांची मोज्यांची पेटी उघडली. बाबांनी शिवलेले, न विकलेले मोजे होते. म्हटलं, खांदा देणाऱ्या सहा जणांना तरी देते. जेबेझ आडवा आला.

"कमिटीवाल्याच्या घरातून मोजे गेले, तर उद्या गावाला काय तोंड दाखवू?"

"शवपेटीत माझा बाप आहे, कमिटी नाही," मी म्हटलं. सगळ्यांदेखत म्हटलं.

तेव्हा म्हातारा ॲमोस पुढे आला. बाबांशी तो आयुष्यभर भांडला. म्हणाला, "पोरी, त्याने स्वतः हात वर केला होता. आता त्याला खोटं पाडू नकोस." आणि उघड्या हातांनी त्याने शवपेटी धरली. मी मोज्यांची पेटी बंद केली आणि रडले. तोवर रडू आलं नव्हतं.

आता तुझ्या येण्याचं. मी मनात धरून होते की तू सायरस गिरणीवाल्यासारखं करशील. त्याने चोरून चहा घेतला होता. रविवारी प्रार्थनेला सगळ्यांपुढे उभा राहून माफी वाचली, सोमवारी सगळे त्याच्याकडे दळण घेऊन गेले. तूही तसं वाचावंस, मी तुला घरी आणावं आणि वर चार शिव्या द्याव्यात.

काल प्रार्थनेनंतर पाद्रीबाबांनी फिलाडेल्फियाहून आलेला स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला. आता राजाशी आपला काही संबंध नाही, आपण आपले. बाहेर पायरीवर मी जेबेझला विचारलं, "दादाने माफी वाचली तर?"

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "माफी घरच्या माणसाने मागायची असते, हेप्झी. तो आता दुसऱ्या देशाचा झाला."

रात्रभर मी जेबेझला मनातल्या मनात शिव्या घातल्या. पण सगळं खरं लिहायचं तर एवढं राहिलंय. वाचून झाल्यावर पाद्रीबाबा म्हणाले, ज्यांना मान्य असेल त्यांनी उभं राहावं. बायकांना कोण विचारतं, मी बसून राहिले असते तरी चाललं असतं. त्या कागदातलं मला अर्धं कळलं नाही. पण तुझ्या माफीची वाट बघत बसले होते मी, आणि बाबांबद्दल माझी माफी मागायला कोण येणार होतं?

मी उभी राहिले, दादा. मला कोणी ढकललं नाही. जेबेझचं लक्षसुद्धा नव्हतं.

तेव्हा येऊ नकोस. आलास तर जेबेझ तुला धरून देईल, आणि मी त्याला अडवेन असं आज मला छातीठोकपणे सांगता येत नाही. थंडीत छाती जप.

परक्या मुलखातली तुझी सख्खी बहीण,
हेप्झिबा