दीड मिनिटात एकच नाव

प्रिय बडबडे,

तुझा दादा घरी आला. उभ्याने वाचत असशील तर आधी खाली बस. मंगळवारी दुपारी मी कपडे वाळत घालून वळले, तर हा दारात. अंगात कोरा करकरीत शर्ट, त्याच्या मापापेक्षा मोठा. दार उघडंच होतं गं, पण आत येईना. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना सोडवण्यात ज्याचा जन्म गेला, तो स्वतःच्या घरात कुणी ये म्हणेल म्हणून थांबला होता. मी रडले, मग त्या शर्टावरूनच त्याला ओरडले. दुसरं काही सुचेचना.

सरकारी इमारतीतल्या लिफ्टखाली चिरडून दोन कामगार गेले, त्यावर सभेत चार शब्द बोलला म्हणून त्याला पोलिसांनी उचललं, तेव्हा हातात कागद दिला नव्हता. सोडतानाही दिला नाही. मग हा सुटलाय की नुसता आलाय? वकीलबाई म्हणतात, खटलाच नव्हता, तर सुटकेचा हुकूम कुणाकडे मागायचा! शेजारीण म्हणते, आला ना, मग गप बस. मला दोघींचंही पटतं, हीच पंचाईत आहे.

रोज एक सरकारी साहेब येतात. इतके गोड बोलतात की मी त्यांना साखरसाहेब म्हणते, अर्थात मनातल्या मनात. फळं आणतात, झोप लागते का विचारतात. जिन्यातला दिवा कधीपासून बंद होता, तोही बसवून दिला. एवढा मान मला माझ्या लग्नात मिळाला नव्हता, हे तू पाहिलंच आहेस. परवा त्यांनी आमचा जेवतानाचा फोटो काढला. दादाचं ताट रिकामं दिसत होतं, म्हणून मला पुन्हा वाढायला लावलं आणि सगळ्यांना हसायला सांगितलं. जाताना म्हणाले, तुमच्या नणंदबाई तिकडे सगळ्या देशांसमोर बोलणार आहेत ना, त्यांना कळवा, भाऊ घरी सुखरूप आहे.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या सभागृहात आपल्या देशाची झाडाझडती होणार, माणसांना कसं वागवता म्हणून विचारणार, आणि तुझ्या संस्थेला मोजून दीड मिनिट. त्यात एकाच माणसाची हकीकत बसते, असं तूच सांगितलं होतंस. तू दादाचं नाव घेतलंस की ते हा फोटो पुढे करतील. तू खोटी, तुझी संस्था खोटी. नाही घेतलंस, तर सभागृह रिकामं झाल्यावर याला परत नेलं तरी विचारणार कोण? इकडे आड, तिकडे विहीर. माणूस घरी आला की प्रश्न संपतात असं मला वाटायचं, मी किती बावळट!

तो जेवतो, टीव्हीवरच्या फालतू विनोदांना हसतो. पण येताना आणलेली कपड्यांची पिशवी रिकामी करू देत नाही. असू दे म्हणतो. मी विचारलं, का? तर पुन्हा हसतो. त्याच्या हसण्याची मला भीती वाटायला लागलीय.

काल मात्र आपणहून बोलला. त्याच्या कोठडीत एक मास्तर आहेत, शाळेत गणित शिकवायचे. बाहेर त्यांचं कुणी नाही, आत आहेत हेसुद्धा कुणाला ठाऊक नाही. दादा तापाने फणफणला होता तेव्हा त्यांनी आपल्या वाटणीचं पाणी त्याला पाजलं. नवा शर्ट त्यांना मिळाला नाही. दादाचं म्हणणं असं की, मी घरी आहे, माझं नाव सोड आणि ते दीड मिनिट मास्तरांना दे. हे तुला कळवीन असा त्याने माझ्याकडून शब्द घेतला. फोनवर बोलायची सोय नाही, म्हणून तिकडे निघालेल्या नर्सबाईंच्या हाती हे पत्र देतेय. त्याचा निरोप पोचला. आता माझं ऐक. मास्तरांचं नाव घेऊ नकोस. दादाचंच घे. घरी आणून बसवलाय, सोडलेला नाही, असं सांग. मास्तर देवमाणूस असतील, पण मला माझा नवरा हवाय. हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय, तरी लिहितेय. खरं काय करायला हवं ते मला कळत नाही गं, तुला कळलं तर तसं कर. मास्तरांचं पूर्ण नाव कागदाच्या मागे लिहिलंय. खोडायला दोनदा पेन उचललं, पण नाही खोडलं.

तुझीच,
वहिनी