ढब्बीचा ठोका

७ तारीख, सोमवार
सगळं बिघडलं ते आज दुपारी, तिने टाकीच्या खोलीचं दार लावून घेतलं तेव्हा. आत ती, म्हणजे इथली सीलवरची संशोधक, आणि जनावरांचे डॉक्टर. मी, सीलना मासळी घालणारा, बादली घेऊन बाहेर. "चाचणी आहे रे, आवाज नको." कालपर्यंत माझा आवाज चालत होता!

८ तारीख
बर्फाच्या पाण्यात श्वास रोखून सील जगतात कसे, हा तिचा अभ्यास. आमची सील ढब्बी बुडी मारते, हृदयाचा ठोका मंदावत तळाला जातो, अंगावरच्या पट्ट्यामुळे तो पडद्यावर दिसतो. ठीक. पण एका सीलचा ठोका बघायला दोन माणसं?
आईचा फोन. "कॉलेज अर्धवट टाकलंस, आता उचल बादल्या." उचलतोय.

९ तारीख
दाराला कान लावला. बादली हातात — कुणी हटकलं तर सबब हवी. बादलीची कडी करकरली. मग डॉक्टर हळूच म्हणाले, "आला." आणि ती हसली. दबक्या आवाजात. माझ्याशी बोलताना अशी कधी हसली नाही.

१० तारीख
बूट काढून, बादली घेऊन मोज्यांवर गेलो. तरी आतून — "आला बघा, सर." पुन्हा तेच हसू. पाय बधिर, डोकं तापलेलं.

११ तारीख
तिचे लाल हातमोजे डॉक्टरांच्या खिशात. म्हणे, खोलीत राहिले होते. राहतात बरे!

१२ तारीख, शनिवार
दार ढकललं. बोल्ट लावलेलाच नव्हता.
दोघं टाकीच्या दोन टोकांना, जाड जाकिटांत, नजर पडद्यावर. मधे बर्फातल्या भोकातून ढब्बी डोकं काढून माझ्याकडे बघत होती.
डॉक्टर म्हणाले, "ये बाबा. मासळीची घाई तुला जास्त की हिला?"
तिने पडद्यावरची रेघ दाखवली. "हे बघ. तुझी बादली दाराशी करकरली की पाण्याखालीच हिचा ठोका चढतो, आणि बाई वर. आम्हाला रेघेवरूनच कळतं, तू आलास. आठवडाभर एक चाचणी पुरी झालेली नाही. वेळेआधी रोज कशाला येतोस रे दाराशी?"
खरंच विचारत होती. तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच.
म्हणजे माझ्या चाहुलीने एकीचा ठोका चढतो. ढब्बीचा.
"चुकलं," म्हणालो. करकरू नये म्हणून बादलीची कडी मुठीत दाबून धरली, बाहेर आलो आणि दार लावलं.