अंगालगतचा चेंडू

प्रिय डार्लीन,

शनिवारच्या विभागीय बेसबॉल फायनलचा निकाल तुला रेडिओवर कळलाच असेल. तुमचं कॉलेज जिंकलं, आमचं हरलं, आणि तरी मी कालपासून घरात गुणगुणत फिरतेय. उन्हात बसून बायकोच्या डोक्यावर परिणाम झालाय असं लेलंडचं मत आहे. पण रेडिओवाल्याला जे दिसलं नसेल, ते तुला माझ्याकडूनच कळायला हवं.

मार्चमधली ती मॅच तुमच्या मैदानावर होती. कॅन्ससचा वारा, बाकावर बसवत नव्हतं. तुझ्या टेरीच्या गारठलेल्या बोटांतून चेंडू सटकला आणि माझ्या कर्टच्या डोळ्याखाली बसला. त्या आवाजाबद्दल मी अजून कुणापाशी बोललेले नाही. संध्याकाळी तू हॅम सँडविचचा डबा घेऊन हॉस्पिटलात आलीस आणि माझ्या शेजारी बसलीस. ज्याच्या हातून हे झालं त्याच्या आईशी काय बोलायचं, मला सुचेना. डोळा वाचेल की नाही हे डॉक्टरही सांगत नव्हते. बऱ्याच वेळाने मी विचारलं, "मस्टर्ड लावलंयस का?" तू म्हणालीस, "लावलंय, पण जरा जास्तच झालंय." मग आपण दोघी जे रडलो, ते नर्स येऊन दटावेपर्यंत.

हाड सांधलं, नजर परत आली. एप्रिल सरता सरता कर्ट गालावर येणारी पट्टी हेल्मेटला लावून पुन्हा बॅट घेऊन उभा राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी हातातल्या कॉफीच्या कपात बघत राहिले. तुला म्हणून सांगते, उरलेला सगळा सीझन तो बॅटिंगला आला की मी मान वर केली नाही. टणकन आवाज आला की समजायचं, बॅटला लागला. तू फोनवर म्हणाली होतीस की टेरीचा एकही चेंडू आता बॅटरच्या जवळून जात नाही, सगळे बाहेरून, कोचने त्याला बसवून ठेवलंय आणि तुला तर मैदानाकडे फिरकावंसंही वाटत नाही. मी तुला मोठ्या तोंडाने धीर दिला. पण माझी गत तुझ्याहून काय वेगळी होती?

तर शनिवार. आठवडाभर रोज मॅचेस, चेंडू टाकून टाकून तुमच्या पिचरांचे खांदे पार गेलेले. शेवटच्या डावात आम्ही एका धावेने मागे, आमचे दोघे बेसवर, दोन गडी बाद, तिसरा गेला की संपलं. तुमच्या कोचने टेरीला पाठवलं, दुसरं कुणी उरलंच नव्हतं. आणि समोर बॅट घेऊन कोण, तर कर्ट. माझ्या शेजारची बाई तोंडातल्या सूर्यफुलाच्या बिया चघळायची थांबली.

पहिला चेंडू लांब बाहेरून, दुसरा त्याहून लांब, तिसरा तर कॅचरने झेप घेऊन अडवला. आणखी एक तसाच गेला की कर्ट आयता पहिल्या बेसवर. पण त्याने हात वर करून खेळ थांबवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "काय रे टेरी, माझ्या अंगाला वास येतोय का? जवळ टाक की. मला फुकटात कुठं जायचं नाहीये." आमच्या कोचनी कपाळाला हात लावला. मी मात्र मान वर केली. टेरी टोपी काढून उभा होता, मग त्याने ती घातली आणि चेंडू टाकला. डार्लीन, तो चेंडू माझ्या पोराच्या छातीलगत गेला आणि मी तो बघितला. पहिला स्ट्राइक. कर्ट हसत होता. पुढचा त्याने कसाबसा बॅटच्या कडेने बाहेर घालवला, तो दुसरा स्ट्राइक. त्याच्या पुढचा पुन्हा आत, असा जोरात की कर्टची बॅट हवेतच फिरली. तिसरा स्ट्राइक, कर्ट बाद. मी उठून टाळ्या वाजवत होते. लेलंड माझी बाही ओढून म्हणाला, "अगं, आपण हरलो."

नंतर कुंपणापाशी कर्ट टेरीला म्हणत होता, "एवढा जोर मार्चमध्ये असता तर माझं डोकंच नसतं राहिलं." टेरीला हसावं की नाही कळेना, मग तो इतका हसला की खाली गवतावर बसला. कर्टही बसला त्याच्या शेजारी. तुमचे टीमवाले कप घेऊन फोटोला हाका मारत होते, या दोघांना पत्ताच नाही.

निघताना टेरी माझ्याकडे आला. म्हणाला, "आईला तुम्ही सांगाल का? मी सांगितलं तर तिला वाटेल, मी तिची समजूत काढतोय." म्हणून हे पत्र. मी डोळे उघडे ठेवून बघितलंय, डार्लीन, तुझा टेरी बरा झालाय. शुक्रवारी दुपारी तुमची पुढची फेरी आहे आणि सुरुवात तोच करणार आहे. कर्ट म्हणतो, जायचंच. सकाळी आम्ही तुझ्या दारावरूनच जाणार आहोत, गाडीत जागा आहे. तयार राहा.

तुझीच,
वांडा