वर्गातली वर्धा

मोर्शी, गुरुवार, संध्याकाळ

नागपूरहून नकाशा येईना आणि भूगोलाला मुली पेंगतात, म्हणून आज माझं निळं लुगडंच जमिनीवर अंथरलं. ती वर्धा नदी. मुली काठावरची गावं झाल्या. गंगू कौंडण्यपूर झाली. तेवढ्यात तिचे वडील आले. मळ्यात भाजी तोडायला हात हवेत, म्हणून तिला शाळेतून काढायचं म्हणत थेट आत शिरले. एरवी गप्प असणारी गंगू म्हणाली, "बाबा, तुमी नदीत उभे रायले. बाजूले सरका."

धोतर वर धरून सरकले बिचारे! मग भिंतीशी बसून तास संपेपर्यंत ऐकत राहिले. निघताना त्यांनीच विचारलं, "बाई, हे नदी कुठवर जाते?"

"शेवटी समुद्राला."

"मंग तिथवर शिकवा इले."