देव्हारा रिकामा

शुनताक, चीन, अकरावा महिना, पौर्णिमा, १८८४

चि. मान-होई यास अ. उ. आ.

पत्र नाही, म्हणजे गोऱ्यांच्या विमा कंपनीत तूच साहेब झालास म्हणायचं. एक नवल ऐक. तुझ्या दाजींनी हाँगकाँगच्या दुकानातल्या देव्हाऱ्यातल्या, पूर्वजांच्या नावांच्या लाकडी पाट्या लाल कापडात बांधून गावी पाठवल्या. नववर्ष पूर्वजांनी गावीच करावं म्हणे. जन्मभर उदबत्तीचा कंटाळा केलेला माणूस आता देवभोळा झाला. मी नि लेक आ-लान दुकानी येतो म्हटलं, तर नको म्हणाले. चिमुरडी रुसून बसली आहे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

हाँगकाँग, वद्य पंचमी

ती. सौ. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून लगेच लिहायला बसलो. आमची कंपनी आधी फक्त गोऱ्यांच्या दगडी वखारींचा विमा उतरवायची. आपल्या लोकांचा उतरवू लागली, तशी दर वर्षअखेरीस, देणी फेडायच्या वेळी, विम्याच्या पैशासाठी दुकानं जळू लागली. साहेब राखेत रॉकेल हुंगत बसतात. मी मात्र आधी देव्हारा रिकामा आहे का ते बघतो, कारण आपला माणूस माल जाळील, पूर्वज जाळणार नाही. दाजींच्या दारावर विमा उतरवल्याचा कंपनीचा पत्रा गेल्या महिन्यात मीच ठोकला. दुकानाच्या वर शिंप्यांची तीन बिऱ्हाडं झोपतात. साहेबाला सांगावं तर दाजी तुरुंगात जातील. तू म्हणशील तसं करतो, पण लवकर कळव.

तुझा, मान-होई

हाँगकाँग, दुकानातून, बारावा महिना

चि. मान-होई यास आशीर्वाद.

साहेबाला सांगू नकोस असं कळवणार होते. त्याऐवजी पाट्या नि लेक घेऊन बोटीने स्वतःच आले. पाट्या देव्हाऱ्यात मांडल्या आणि मनात म्हटलं, आता लावा आग. हे दारातच बसून असतात, म्हणून तुला निरोप धाडता आला नाही. तरी मी निर्धास्त झोपले. वेडी मी.

आज सकाळी म्हणाले, पाट्यांचा रंग उडालाय, रोगण करून आणतो. कापडात बांधून घेऊन गेले. मी विचारलं, मग आम्ही मायलेकी गावी जाऊ का? तर म्हणाले, मुलीला घेऊन थंडीत कुठे जातेस, इथेच झोपा.

शिंप्यांना सांगितलं तर ते हसले. त्यांची पोरं टाकून माझा पाय निघत नाही. हे पत्र शिंपिणीच्या हाती देते आहे. मिळताच ये. साहेबाला घेऊनच ये.

तुझी ताई